पासबुक आईचे, बोटे लेकराची

बिडी आणि सिगार कामगारांसाठी १९६६ साली केंद्र सरकारने जो कायदा केला, त्यात ‘औद्योगिक जागा’ म्हणजे काय हे सांगणारी एक व्याख्या होती. बिडी बनवण्याचे काम जिथे चालते ती कोणतीही जागा औद्योगिक, असे ती सांगत असे. पण मध्येच एक कंस उघडत असे आणि राहते घर वगळून बंद होत असे. याच कायद्याचे चोविसावे कलम औद्योगिक जागेत चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला लावू नये असे बजावत होते. दोन्ही एकत्र वाचले की अर्थ असा निघत असे: मूल कारखान्यात बसले तर गुन्हा, तेच मूल घरच्या छपरीत आईशेजारी बसून त्याच कारखान्याची बिडी वळू लागले तर या कायद्याला ते दिसतच नसे. भंडारा जिल्ह्यातल्या बिडीच्या गावांनी या कंसाचे परिणाम दीर्घकाळ पाहिले आहेत. इंटरनेटवर मुलांना कसे जपावे, हा प्रश्न आज ज्या घरांत विचारला जातो त्यांतली कित्येक घरे एकेकाळी बिडीची घरे होती, आणि त्या धंद्याच्या इतिहासात या प्रश्नाचे निम्मे उत्तर आहे. बाजार घरात शिरतो तेव्हा मुलाचे रक्षण एकट्या घरावर सोपवून होत नाही. आणि घराच्या हातात जे असते त्यातले पहिले काम म्हणजे मूल हे मूल म्हणूनच नोंदीत दिसेल असे पाहणे.

बिडी इथे का रुजली, याची कारणे गुंतागुंतीची नाहीत. १ मे १९९९ रोजी गोंदिया वेगळा होईपर्यंतचा जुना भंडारा जिल्हा म्हणजे तळ्यांचा, धानाचा आणि जंगलाचा मुलूख. जंगलात तेंदूची झाडे मुबलक. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगाल-नागपूर रेल्वेचा मार्ग गोंदिया, तिरोडा, तुमसर रोड, भंडारा रोड असा जिल्ह्याच्या अंगावरून गेला आणि पान, तंबाखू व तयार माल यांची ने-आण सोपी झाली. गुजरातेतून आलेल्या व्यापाऱ्यांनी मध्य प्रांतात हा धंदा उभा केला. तिसरे कारण धानाच्या शेतीचे. एक पीक हाताशी आले की पुढचे कित्येक महिने कोरडवाहू गावात बायामाणसांना काम नसे. ज्या धंद्याला यंत्र लागत नाही, वीज लागत नाही, फक्त सूप, कातर, पानाचे माप आणि चपळ बोटे लागतात, त्याला अशी गावे हवीच होती. या पैशाने जिल्ह्याचे भलेही केले हे नाकारण्यात अर्थ नाही. बिडीच्या व्यवसायातून मोठे झालेले मनोहरभाई पटेल यांनी १९५८ मध्ये गोंदिया शिक्षण संस्था स्थापन केली. एकाच धंद्यातून शाळाही निघाव्यात आणि शाळेच्या वयाची मुले सुपाशीही बसावीत, हा योग इतिहासात वाटतो तितका दुर्मीळ नाही.

मुलांच्या बाजूने कायदा पहिल्यांदा बोलला तो ब्रिटिश काळात. भारतातल्या कामगारांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या व्हिटली आयोगाचा अहवाल १९३१ मध्ये आला. बिडीच्या कामात जुंपलेल्या अगदी कोवळ्या मुलांची दखल त्यात होती, आणि आईबापांनी उचल घेऊन मुलाचे श्रम गहाण टाकण्याच्या चालीचीही. त्यावरून १९३३ मध्ये मुलांचे श्रम गहाण ठेवण्यास बंदी करणारा कायदा झाला. त्यातले दंडाचे आकडे मुद्दाम पाहण्यासारखे आहेत: असा करार करणाऱ्या आईबापाला जास्तीत जास्त पन्नास रुपये, करार करून घेणाऱ्या मालकाला दोनशे. दोघेही दोषी, पण समान दोषी नाहीत, एवढा विवेक त्या छोट्याशा कायद्यात होता. पुढे १९३७ मध्ये मध्य प्रांताने फॅक्टरी कायद्याच्या कक्षेबाहेर राहिलेल्या कारखान्यांसाठी स्वतःचा कायदा केला आणि बिडी, लाख व चामडे कमावणे हे उद्योग त्याखाली आणले. भंडारा तेव्हा मध्य प्रांतात असल्याने तो इथेही लागू झाला. कारखान्यातली गर्दी, कामाचे तास, मुलांचे वय यांवर सरकारची नजर पडू लागली.

मग झाले ते मालकाच्या दृष्टीने अगदी साहजिक होते. काम कारखान्यातून उठून घराकडे गेले. मालक आणि वळणारी बाई यांच्या मध्ये सट्टेदार उभा राहिला. तो मालकाकडून पान-तंबाखू घेई, घरोघर वाटे, वळलेल्या बिड्या मोजून घेई, खराब ठरवलेल्या बाजूला काढी आणि हजारामागे ठरलेल्या दराने पैसे देई. न्यायालयांतही ही रचना टिकली. सागरच्या एका बिडी कारखान्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्ये सट्टेदार हे स्वतंत्र ठेकेदार आहेत, कारखान्याचे कामगार नव्हेत, असा निर्णय दिला. १९६१ मध्ये महाराष्ट्रातल्या एका प्रकरणात तर कारखान्यात बसून बिडी वळणाराही फॅक्टरी कायद्याच्या अर्थाने कामगार ठरला नाही, कारण तो केव्हा यावा, केव्हा जावा, किती काम करावे यावर मालकाचा ताबा नव्हता. म्हणजे बिडीवर नाव मालकाचे, नफा मालकाचा, आणि वळणाऱ्याशी त्याचा संबंध मात्र कागदोपत्री शून्य. १९६६ च्या कायद्याने ही गाठ बरीच सोडवली. घरी बसून काम करणारी बाईही कामगार ठरली, मुख्य मालकाची जबाबदारी मध्यस्थाच्या डोक्यावरून थेट त्याच्यापर्यंत नेली गेली. त्या मानाने हा कायदा मोठाच. पण आईला कामगार म्हणून ओळखणाऱ्या या कायद्याने तिच्या मांडीला मांडी लावून बसलेल्या मुलीला ओळखले नाही. कंस तसाच राहिला.

घरात नेमके काय होई, ते वळण्याच्या रीतीतच दडलेले आहे. पान भिजवायचे, मापाने कापायचे, चिमूटभर तंबाखू भरून वळायचे, दोऱ्याने बांधायचे आणि तोंड दुमडायचे. शेवटच्या दोन कामांना ताकद लागत नाही, बारीक बोटे लागतात. दर हजारामागे असल्याने घरातला जास्तीचा प्रत्येक हात म्हणजे थोडी जास्तीची मजुरी. कुणी मुलाला कामावर ठेवत नव्हते. मूल ‘हातभार’ लावत होते. ओळखपत्र आणि पासबुक आईच्या नावाचे, आणि त्यातल्या हजारांत किती शेकडे लेकराच्या बोटांचे, हे कोणत्याच वहीत लिहिले जात नव्हते. मालकाला विचारले तर त्याचे उत्तर खरेच असे: आमच्या यादीत एकही मूल नाही. १९८६ च्या बालमजुरी कायद्याने बिडी बनवणे हे मुलांना मनाई असलेल्या कामांच्या यादीत घातले, पण कुटुंबाच्या मदतीने घरच्या घरी चालणाऱ्या कामाला सूट दिली. २०१६ च्या दुरुस्तीने या कौटुंबिक सवलतीतून धोक्याची कामे वगळली. १९३१ पासून मोजले तर तोवर पंचाऐंशी वर्षे झाली होती.

आता फोनकडे पाहू. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आले आणि डेटा एकदम स्वस्त झाला. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ म्हणत अभ्यास मोबाइलवर आला. लाखांदूर-पवनीकडच्या शेतकऱ्याने काय किंवा तुमसरच्या दुकानदाराने काय, घरातला एकुलता एक स्मार्टफोन मुलाच्या हाती दिला तो अभ्यासासाठीच. सिमकार्ड बापाच्या नावाचे, कारण अल्पवयीनाला ते मिळत नाही. गुगलचे खाते बापाचे किंवा काकाचे. इन्स्टाग्रामवर मुलाने स्वतः खाते उघडले असेल तर जन्मसाल असे टाकलेले की वय अठराच्या पुढे जावे. कंपनीच्या नोंदीत या घरात एक प्रौढ ग्राहक आहे, तो रात्री अकरापर्यंत रील पाहतो, गेम खेळतो, अनोळखी माणसांशी बोलतो. त्याला दाखवायच्या जाहिराती प्रौढाच्या, त्याला येणारे निरोप प्रौढाला येतात तसे. आमच्याकडे मूल नाही, हे उत्तर इथेही तयार आहे, आणि बिडीच्या मालकाइतकेच ते कागदोपत्री खरे आहे. इथे दिवसाचा हिशेब हजार बिड्यांचा नाही, पडद्यासमोर गेलेल्या मिनिटांचा. पण त्यात कुणाची बोटे किती, हे लिहिलेले नसते ते नसतेच.

यावर आक्षेप येईल की ही तुलना ओढूनताणून केलेली आहे. बिडी गरिबीतून वळली जात होती, फोन मूल हौसेने मागते; बिडीत पोराचे श्रम विकले जात, फोनमधून त्याला ज्ञान मिळते. आक्षेपाचा पहिला अर्धा भाग बरोबर आहे. सुपाजवळ बसलेले मूल उठून खेळायला जायला टपलेले असे, फोनजवळचे मूल उठायला तयार नसते, आणि त्यामुळे आईबापांचे काम आज जास्त अवघड आहे. दुसरा अर्धा भाग मात्र तपासून घ्यावा लागतो. पोरीच्या हाताला वळण लागते, उद्या सासरी चार पैसे मिळवील, असे समर्थन बिडीच्या कामाचेही करता येत होते, आणि ते पूर्ण खोटे नव्हते. एखाद्या गोष्टीत थोडे शिक्षण आहे म्हणून तिच्यातली मिळकत कुणाची, हा प्रश्न मिटत नाही. शिवाय एका बाबतीत फोन बिडीहून वाईट आहे. बिडी वळणाऱ्या बाया छपरीत चारचौघींत बसत. सट्टेदार कोण, कुठल्या गावचा, त्याची नजर कशी, हे साऱ्या मोहल्ल्याला ठाऊक असे. फोनवर मुलाशी बोलणारा माणूस कोण हे घरात कुणालाच ठाऊक नसते, कारण तो मुलाशी एकट्यानेच बोलतो.

म्हणून आईबापांनी करायच्या गोष्टींत नोंद खरी करणे मी पहिली ठेवतो, आणि पासवर्ड तपासणे, लपून चॅट वाचणे हे बरेच खाली. मुलाचे खाते मुलाच्या खऱ्या जन्मतारखेने उघडावे. गुगलची फॅमिली लिंक ही सोय मराठी घरांत फारशी कुणी वापरताना दिसत नाही. तिच्यात मुलाचे खाते पालकाच्या खात्याला जोडता येते, कोणते ॲप घ्यायचे याची परवानगी पालकाकडे राहते, वेळेची मर्यादा घालता येते. इन्स्टाग्रामने २०२४ पासून किशोरवयीनांसाठी वेगळी खाती आणली. त्यांत खाते आपोआप खाजगी राहते आणि अनोळखी माणसाला थेट निरोप पाठवता येत नाही. या सोयी सदोष आहेत, चतुर मूल त्यांतून वाट काढते, हे खरे. पण खोट्या वयाच्या खात्याला तर त्या लागूच होत नाहीत. तेरा वर्षांच्या मुलाचे वय अठरा सांगण्यात बाप मदत करतो तेव्हा तो मुलाची एक छोटी अडचण दूर करतो आणि त्याच्यासाठी केलेले प्रत्येक संरक्षण स्वतःच्या हाताने काढून घेतो. सट्टेदाराच्या वहीतही लेकराचे नाव न येण्याची सोय घरानेच करून दिलेली असे.

दुसरी गोष्ट जागेची. फोन घराच्या वावराच्या जागी वापरला जावा, रात्री मुलाच्या अंथरुणात जाऊ नये. हा उपाय फार साधा वाटतो म्हणून हसण्यावारी नेला जातो, पण मुलाशी एकट्याने बोलू पाहणाऱ्याची पहिली गरज एकांत हीच असते, आणि तो देणे न देणे घराच्या हातात आहे. आम्हाला फोनमधले काही कळत नाही, पोरगाच आम्हाला शिकवतो, असे सांगणारे आईबाप पुष्कळ आहेत. त्यांना ॲप कळण्याची गरज नाही. पोर अचानक गप्प झाले, फोन वाजला की दचकते, पैसे मागते आणि कारण सांगत नाही, हे कळायला सातवीही पास व्हावे लागत नाही. तंबाखूच्या भुकटीतले निकोटिन बिडीवाल्या आईला ठाऊक नव्हते. पोराला मळमळते, त्याचे डोके दुखते, हे तिला कळत होते. तिला कमी होते ते ज्ञान नव्हे, कुणाकडे जावे हा पत्ता. आज तो पत्ता आहे. मुलांसाठीची मदतवाहिनी १०९८, सायबर फसवणुकीसाठी १९३०. मुलाचा अश्लील फोटो दाखवून कुणी धमकावत असेल तर पैसे द्यायचे नाहीत, संभाषण पुसायचे नाही, थेट पोलिसांकडे जायचे. २०१२ च्या पॉक्सो कायद्यात लैंगिक हेतूने मुलाशी फोन-इंटरनेटवरून वारंवार संपर्क साधणे हाही गुन्हा आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६७ ब हे कलम मुलांचे अश्लील चित्रण पसरवण्याला लागू होते. ‘हा फोटो कुणाच्या पोरीचा’ म्हणून गावच्या व्हॉट्सॲप गटात तो पुढे ढकलणारे हितचिंतक या कलमाच्या कक्षेत स्वतःच येतात, हे कुणीतरी ग्रामसभेत एकदा मोठ्याने सांगायला हवे.

ग्रामसभेचा विषय निघाला तर बंदीचाही निघतो. यवतमाळ जिल्ह्यातल्या बांसी गावाने नोव्हेंबर २०२२ मध्ये अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाइल वापरण्यास मनाई करणारा ठराव केला आणि मोडणाऱ्याला दोनशे रुपये दंड ठेवला. त्याच वर्षी सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने दुसरा मार्ग धरला: रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवून मुले अभ्यासाला बसतात. दोन्ही ठराव कळकळीतून आले, पण बिडीचा इतिहास डोळ्यांपुढे ठेवला तर त्यांचे मोल सारखे राहत नाही. कारखान्यातल्या कामावर नियम आले तेव्हा काम थांबले नाही, नजरेआड गेले. घरोघर फोन असताना मुलांवर सरसकट बंदी घातली की वापर थांबण्यापेक्षा तो मित्राच्या फोनवर, शेतावर, चोरून होण्याचा संभव जास्त. आणि चोरून वापरणारे मूल अडचणीत सापडले तर तोंड उघडत नाही, कारण आधी स्वतःचा गुन्हा कबूल करावा लागतो. वडगावचा भोंगा मला जास्त पटतो. तो मुलाला एकटे पाडत नाही, कारण त्या दीड तासात बापाचाही फोन बंद असतो. भंडाऱ्यातल्या एखाद्या गावाला तो उचलायला काय हरकत आहे, फक्त धान कापणीच्या दिवसांत वेळ बदलावी लागेल.

तरीही गाव आणि घर मिळून जेवढे करतील तेवढ्याने पुरेल, असे मानणे म्हणजे जुना कंस पुन्हा उघडणे होय. बिडीच्या घरांतून मुले सुपापासून उठली ती केवळ आईबापांना उपदेश मिळाला म्हणून नव्हे. १९७६ च्या कल्याण निधी कायद्याने बिडीवरच्या उपकरातून कामगारांच्या मुलांना शिष्यवृत्ती मिळू लागली, शाळेत दुपारचे जेवण आले, २००९ चा शिक्षण हक्काचा कायदा आला, बिडीचा खपही घटत गेला. म्हणजे धंद्यातून निघणाऱ्या पैशाचा वाटा मुलाकडे वळला आणि जबाबदारी वरच्या टोकाला ढकलली गेली. ऑस्ट्रेलियाने सोळा वर्षांखालच्या मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवू न देण्याचा कायदा १० डिसेंबर २०२५ पासून अमलात आणला. त्या वयोमर्यादेविषयी मतभेद असू शकतात, आणि बंदीने वापर आडवाटेला जाण्याची भीती तिथेही आहेच. पण दंडाची रचना पाहण्याजोगी आहे: कंपनीला ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत, मुलाला आणि आईबापांना शून्य. १९३३ च्या दोनशे आणि पन्नास रुपयांमागचा विवेक इथे आणखी पुढे गेला आहे. बांसीच्या ठरावात नेमका तोच उरत नाही. दोनशे रुपये गावातल्याच घरातून निघतात आणि ॲपच्या मालकापर्यंत काहीच पोचत नाही.

आपल्याकडचा २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी आहे. अठरा वर्षांखालच्या मुलाची माहिती घेण्याआधी कंपनीने पालकाची पडताळलेली संमती घ्यावी, असे तो म्हणतो. आणि मुलाच्या वागण्याचा माग ठेवणे, त्याला नेमून जाहिराती दाखवणे यांना मनाई करतो. यातले दुसरे जास्त मोलाचे आहे, कारण ते घरावर सोपवलेले नाही. पहिल्याबद्दल मला शंका आहे. पालकाची संमती हे वाक्य १९८६ च्या कौटुंबिक सवलतीइतकेच सोज्ज्वळ दिसते, आणि अडचणीतले किंवा घाईतले घर संमती देऊन मोकळे होते हा अनुभवही तेवढाच जुना आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झालेल्या नियमांतली मुख्य बंधने अठरा महिन्यांनी, म्हणजे २०२७ च्या मे महिन्याच्या सुमारास, कंपन्यांवर लागू व्हायची आहेत. पालक खरोखर प्रौढ आहे हे कंपनीने आपल्याकडे असलेल्या नोंदींवरून किंवा डिजिलॉकरसारख्या सोयीतून तपासायचे आहे. ज्या घरात गॅसचे अनुदान, पीकविम्याचा अर्ज आणि बँकेचा निरोप यांचे ओटीपी बापाच्या फोनवर येतात आणि ते वाचून टाकण्याचे काम सातवीतल्या मुलाकडे असते, त्या घरात संमती मागणारा ओटीपी आला तर तोही मूलच टाकील. नोंदीत मात्र बापाने संमती दिली असेच लिहिले जाईल.